वहिनींनी उठायचं नाही

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थाचं आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे. बाकी सगळे त्याला लेव्हल म्हणतात. जन्मभर त्याने लोकांच्या घरात फरश्या बसवल्या. जमीन सपाट आहे की नाही हे सांगणारी ती बुडबुड्याची छोटी पट्टी त्याच्या खिशात कायम असते, अजूनही.

माणसं कुणाच्या घरी गेली की यजमानाच्या तोंडाकडे बघतात. हा खाली बघतो. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आला तेव्हा त्याने कप उचलायच्या आधी पट्टी टेबलावर ठेवली, बुडबुडा एका बाजूला पळाला तसा पुठ्ठ्याची घडी करून टेबलाच्या पायाखाली सारली, आणि मगच चहा घेतला. आमची ही म्हणाली, "नशीब, माझ्या डोक्यावर नाही ठेवली." मी म्हटलं, "ठेवली असती तर बुडबुडा बाहेरच पडला असता." त्यानंतर आमच्या घरात अबोला झाला, पण ती गोष्ट वेगळी.

फरशीवाल्याचा जन्म गुडघ्यांवर जातो. लेव्हलच्या गुडघ्यांनी एक दिवस राजीनामा दिला. डॉक्टरांनी सांगितलं, बसायचं ते खुर्चीवर, उकिडवं बसणं आणि गुडघे टेकणं बंद. म्हणजे धंदाच बंद. मग वहिनी, म्हणजे त्याची बायको, आधी इस्पितळाच्या लाँड्रीत अर्धवेळ जायच्या त्या पूर्णवेळ जायला लागल्या. इस्त्रीच्या मोठ्या यंत्रातून चादरी बाहेर येतात, त्या दोन्ही टोकांना धरून घडी घालायची आणि ढीग लावायचा. दिवसभर उभ्याने. तिथे खुर्ची आहे, पण ती मुकादमाची.

आता त्यांचा रविवार सांगतो, कारण सगळं त्याच्याभोवती फिरतं. रविवारी संध्याकाळी घरचे सगळे जेवायला जमायचे. जमायचे असं म्हणायचं आपलं. मुलगा सगळ्यात आधी यायचा, कारण त्याला सगळ्यात आधी जायचं असायचं. तो मालाची व्हॅन चालवतो. गाडीची किल्ली ताटलीशेजारी ठेवून जेवायचा, जणू स्टेशनात गाडी थांबली आहे आणि शिटी व्हायची आहे. वहिनी त्याला गरम गरम वाढायच्या. तो हात पुसत असताना लेव्हलची थोरली बहीण, आक्का, यायची. आक्काच्या तोंडात दात कमी, पण जीभ भरपूर. तिला सगळं मऊ लागायचं, ते वेगळं शिजायचं. ती उठते तोच सूनबाई चष्म्याचं दुकान बंद करून धापा टाकत यायच्या. त्यांना परत गरम. लेव्हल सगळ्यांबरोबर थोडा थोडा बसायचा. आणि वहिनी शेवटी ओट्यापाशी उभ्या राहून, पातेल्यातूनच, उरलं असेल ते खायच्या. त्या घरात वहिनींना खुर्चीत बसून रविवारचं जेवताना मी तरी पाहिलं नव्हतं, आणि मी बऱ्यापैकी पाहतो.

एका रविवारी वहिनींनी हातातला डाव ओट्यावर ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "हे आता माझ्याच्याने होणार नाही."

मी तिथे होतो. कसा होतो ते विचारू नका. मीठ मागायला गेलो होतो. आमच्याकडचं मीठ नेमकं रविवारी संध्याकाळी संपतं.

"आठवडाभर मी तिथे उभी," वहिनी म्हणाल्या, "आणि रविवारी इथे उभी. मला बसायचंय."

मग मुलगा किल्ली उचलत म्हणाला, "मग बंदच करू ना आई. सगळ्यांनाच सोपं पडेल. भेटायचं काय, फोन आहेच."

त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण लेव्हलचा चेहरा मी पाहिला. दुसऱ्या दिवशी तो मला जिन्यात भेटला. म्हणजे तो भेटेल अशा बेताने मी उतरलो. कठड्याला टेकून म्हणाला, "सोमवार ते शनिवार मी खिडकीत बसतो. रविवारी कुणीतरी येणार म्हणून दाढी करतो. रविवार गेला तर दाढी कुणासाठी करू?"

"माझ्यासाठी कर," मी म्हटलं.

"तुझ्यासाठी आंघोळ करतो तेवढी पुरे."

दोन दिवस त्याने विचार केला आणि वहिनींना सांगितलं, येता रविवार मी करतो. वहिनी हसल्या. संसार सुरू झाल्यापासून लेव्हलने स्वयंपाकघरात एकच गोष्ट केली होती, ती म्हणजे तिथली फरशी. तरी त्या म्हणाल्या, "बरं. एक रविवार देते. पण मी कामावरून येऊन बसले की बसले. एकदा जरी मला उठावं लागलं, पाण्याच्या पेल्यासाठी का होईना, तर पुढच्या रविवारपासून कुलूप. आणि पंच म्हणून भाऊजींना बोलवा."

भाऊजी म्हणजे मी.

"त्याला कशाला?" लेव्हल म्हणाला.

"नाही बोलावलं तरी त्यांना कळणारच. निदान समोर बसून बघतील, म्हणजे पदरचं घालून सांगणार नाहीत."

माझ्याबद्दल लोकांचे असे गैरसमज आहेत.

आता प्रश्न असा, की करायचं काय. लेव्हलला एकच पदार्थ ठाऊक होता, तोही खाल्ल्यामुळे नव्हे, बघितल्यामुळे. शेवटची फरशी त्याने ज्या बाईंच्या स्वयंपाकघरात बसवली, त्यांनी नवा ओव्हन चालतो का ते बघायला तिथेच एक मेक्सिकन प्रकार केला होता. हा खाली सांधे भरत होता आणि बाई वर ओट्यावर थर लावत होत्या. काचेच्या खोल भांड्यात आधी टोमॅटोचा तिखट रस. त्यावर टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ गोल रोट्या, दुकानात पाकिटात मिळतात त्या. त्यावर शिजवलेला राजमा, कांदा, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे. त्यावर किसलेलं चीज. पुन्हा रस, पुन्हा टॉर्टिया, असं भांडं भरेपर्यंत. मग ओव्हनमध्ये. बाईंनी त्या पदार्थाचं नाव सांगितलं होतं, ते लेव्हल विसरला. थर विसरला नाही.

"अरे, ते आपलंच काम आहे," तो मला म्हणाला. "खाली माल पसरायचा, वर फरशी. परत माल, परत फरशी. आणि मुख्य म्हणजे एकच भांडं. मधोमध ठेवलं की सगळ्यांना एकदम. कुणाला वेगळं गरम करून द्यायला नको."

बोलणं बरोबर होतं. मी मान डोलावली आणि तिथेच फसलो, कारण पहिला प्रयोग माझ्यावर झाला.

आमच्या हिने त्याला राजमा रात्रभर भिजत घालायला सांगितला.

"विटा भिजवतात तसा?" लेव्हलने विचारलं.

"तसाच."

"मग सोपं आहे."

राजमा खरंच छान शिजला. बिघडलं ते पुढे. घरातल्या लहान ट्रेच्या मापाने त्याने टॉर्टिया पट्टी लावून कापल्या, चौकोनी, कोपरे काटकोनात. गोल कडा उरल्या त्या मला चावायला दिल्या. दोन तुकड्यांमधली फट सारखी राहावी म्हणून मध्ये काडेपेटीतल्या काड्या ठेवल्या. फरशी बसवताना ते लोक प्लास्टिकचे छोटे तुकडे ठेवतात ना, तशा. मग काड्या काढून फटीत चीज भरलं, बोटाने दाबून, वरून ओल्या फडक्याने पुसून. ट्रे ओव्हनमध्ये गेला. थोड्या वेळाने त्याने दार उघडून पाहिलं, तर वरचा थर कडेने वाळून वर उचलला जात होता. फरशीवाल्याने असं पाहिलं की त्याचा हात पाण्याकडे जातो. लेव्हलने पेलाभर पाणी घेतलं आणि सगळीकडून सारखं शिंपडलं. थोडा वेळ गेल्यावर आणखी एक पेला.

"हे काय करतोयस?"

"पाणी मारतोय. ओल राहिली नाही तर तडे जातात."

बाहेर आलं ते तळं होतं. त्यावर टॉर्टियाचे चौकोन होड्यांसारखे तरंगत होते, काटकोन मात्र शाबूत. मी शेजारधर्म म्हणून चमचाभर खाल्लं आणि दाताखाली कट्‌कन काही आलं.

"राजमा कच्चा राहिलाय," मी म्हटलं.

त्याने माझ्या तोंडातून निघालेला तुकडा उजेडात धरला. "काडी आहे," तो म्हणाला. "तरी म्हटलं, एक कमी कशी भरतेय."

दुसऱ्या प्रयोगाला काड्याही नव्हत्या आणि पाणीही नव्हतं. रंग छान आला होता आणि वास असा सुटला, की आमची ही त्या वासावर खाली आली. लेव्हलने ट्रे बाहेर काढला आणि मोठ्या हौसेने तिथल्या तिथे सुरी घातली. कापलेला तुकडा उचलला, तर वरचा थर ताटलीत, मधला टेबलावर आणि खालचा माझ्या पायावर.

"अरे गाढवा," मी पाय झटकत ओरडलो, "नवीन फरशीवर कुणी लगेच पाय देतं का?"

तो थबकलाच. फरशी बसवून झाली की हा दारात आडवी फळी लावायचा आणि घरमालकालाही आत येऊ द्यायचा नाही. एकदा म्हणे एका मालकाला स्वतःच्याच घराबाहेर पायरीवर झोपायला लावलं होतं. लेव्हल मला म्हणाला, "पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं बोललास." त्या दिवसापासून ठरलं. ओव्हनमधून काढलं की सुरी लांब. थर बसेपर्यंत हात लावायचा नाही.

रविवार आला. दुपारपासून खाली खुडबुड चालू होती. मी ठरल्या वेळेच्या जरा आधी गेलो, पंचाने जावं लागतं. टेबल बघितलं आणि मला माझं लग्न आठवलं, तेव्हाही इतकी तयारी नव्हती. पाण्याचे दोन जग. मीठ टेबलाच्या दोन्ही टोकांना. चमचे माणसागणिक दोन, शिवाय मध्ये पेल्यात उभे केलेले जास्तीचे. हात पुसायला फडकी. चिरलेली कोथिंबीर, कांद्याची पात, फेटलेलं दही. जिच्यासाठी वहिनींना उठावं लागेल अशी एकही वस्तू त्याने स्वयंपाकघरात ठेवली नव्हती. चार खुर्च्या होत्याच, स्वतःसाठी त्याने आतल्या खोलीतली आणली होती. पंचाला काही नव्हतं, म्हणून मला स्वयंपाकघरातला बुटका स्टूल मिळाला. माझी हनुवटी टेबलाच्या कडेला लागत होती. त्या स्टुलाचं दुसरं काम काय, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

वहिनी कामावरून आल्या, हातपाय धुतले आणि बसल्या. त्यांना बसायची सवय नव्हती. पाहुण्याकडे आल्यासारख्या, पाठ न टेकता.

मुलगा आला. ताटलीशेजारी किल्ली ठेवायला गेला, तर जागाच नव्हती. एका बाजूला चमचे, दुसऱ्या बाजूला फडकं, पुढे पेला. किल्ली हातात घेऊन तो जरा इकडेतिकडे बघत राहिला आणि शेवटी खिशात घातली. सूनबाई त्या दिवशी दुकान लवकर बंद करून आल्या. आणि मग आक्का.

"काय रे," आक्का बसता बसता म्हणाली, "आज म्हणे तू रांधलंस. विमा काढलाय का सगळ्यांचा?"

"आक्का, तुझ्यासाठी मऊ केलंय."

"मऊ काय, सिमेंटही आधी मऊच असतं."

सूनबाईंना हसू आवरेना. लेव्हल उठून आत गेला, ओव्हनमध्ये डोकावून परत आला. इकडे आक्काने सवयीने मान न वळवताच म्हटलं, "वहिनी, जरा पाणी देतेस का ग?"

वहिनींचे दोन्ही हात टेबलावर टेकले आणि त्या उठल्याच, अर्ध्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंडावर पंच आणला.

"आक्का!" लेव्हल ओरडला. "तुझ्या नाकासमोर जग आहे!"

"अगबाई, हो की."

वहिनी हळूच खाली बसल्या. माझा निकाल असा पडला, की खुर्ची पूर्ण सुटली नव्हती.

"चष्मा लागलाय आत्याबाईंना," सूनबाई म्हणाल्या. "दुकानात या, स्वस्तात देते."

तेवढ्यात वास आला. झाल्याचा वास. लेव्हल जाड फडकी घेऊन आत गेला.

त्यांचा ओव्हन ओट्याखाली आहे, अगदी जमिनीलगत. मी बसलो होतो तिथून आणि वहिनी बसल्या होत्या तिथून सरळ दिसतो. प्रयोगांच्या वेळी लेव्हल बुटक्या स्टुलावर बसून लहान ट्रे काढायचा. आज भांडं मोठं होतं, घरभर माणसांना पुरेल असं, आणि स्टुलावर पंच बसला होता. लेव्हलने माझ्याकडे एकदा पाहिलं. मागितला असता तर मी दिला असता. पण त्याने ओट्याची कड धरली आणि डॉक्टरांनी बंद केलेली गोष्ट केली. गुडघे टेकले.

दार उघडलं, भांडं बाहेर ओढलं, दोन्ही हातांत धरलं. आणि तिथेच राहिला.

त्याला उठता येईना. ओट्याला धरावं तर हात मोकळा नाही. भांडं खाली ठेवावं तर कंबरेतून वाकता येईना. तोंडातून आवाज काढला नाही, कारण आवाज काढला तर कोण धावून येणार हे त्याला माहीत होतं. नुसता कपाळावर घाम, आणि मान अशी ताठ, की जणू बुडबुडा मध्यावर ठेवायचाय.

वहिनींनी ते पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट पकडली होती, नखं पांढरी पडेपर्यंत. उठल्या असत्या तर रविवार गेला. आणि नाही उठल्या तर नवरा गरम भांडं घेऊन जमिनीवर. मी खरं सांगतो, त्या क्षणी मला एकही विनोद सुचेना.

वहिनी उठल्या नाहीत. त्यांनी मुलाकडे पाहिलं, भुवई वर केली आणि मानेने स्वयंपाकघर दाखवलं.

"काय?" मुलगा म्हणाला. मग वळून बघितलं. "अरे बाबा!"

खुर्ची मागे पडली. त्या घरात जेवायला बसलेला मुलगा जेवण संपायच्या आधी, आणि बाहेर जाण्यासाठी नव्हे, असा पहिल्यांदाच उठला. त्याने बाबांच्या हातातून भांडं घेतलं, चटका बसला म्हणून कळवळला, तरी सोडलं नाही. मागून सूनबाई गेल्या, त्यांनी लेव्हलला काखेत हात घालून उभं केलं.

"आई, तू बस," मुलगा भांडं टेबलावर आणत म्हणाला.

"बसलेलीच आहे," वहिनी म्हणाल्या. मग खणखणीत म्हणाल्या, "तुझी खुर्ची उचल आधी. आणि ह्यांना त्यांची सरकवून दे."

भांडं मधोमध आलं. वर चीजचे तांबूस फोड फुटत होते. आक्काने सुरी उचलली.

"हात लावू नकोस," लेव्हल धापा टाकत म्हणाला. "बसू दे."

"आम्ही बसलोय की."

"ते बसू दे."

मग सगळे थांबले. समोर जेवण, पोटात भूक, आणि खायचं नाही. अशा वेळी माणसं काय करणार, बोलतात. आधी आक्काने माझ्या स्टुलावरून मला झोडपून घेतलं. मग विषय संपले. मग मुलगा कुणाकडेच न बघता म्हणाला, "बाय द वे, मला चष्मा लागलाय."

"कधी?" वहिनी म्हणाल्या.

"झाले दोनेक महिने. संध्याकाळी समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसायचे. हिनेच तपासायला लावलं."

"दोन महिने? आणि तू दर रविवारी येतोस ना इथे?"

"येतो. पण बोलायला वेळ कुठे असतो?"

"दाखव," वहिनी म्हणाल्या.

त्याने खिशातून चष्मा काढून लावला. आक्काने त्याला नीट न्याहाळलं. "तुझ्या आजोबांसारखा दिसतोस. फक्त त्यांना अक्कल होती."

लेव्हलने टेबलावर पट्टी ठेवली, बुडबुडा बघितला, आणि म्हणाला, "कापा आता."

तुकडे अखंड निघाले, थर न् थर दिसत होता. आता खरं सांगायचं तर मीठ कमी होतं. एक कोपरा जळला होता. कांदा त्याने फरशीच्या तुकड्यांएवढा जाड चिरला होता. पण सगळ्यांच्या ताटलीत एकदम गरम होतं, आणि त्या सगळ्यांत वहिनींची ताटली होती. त्यांनी पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि तिसऱ्या घासाला खुर्चीला पाठ टेकली.

लेव्हल त्यांच्याकडे बघत होता. मीच घसा साफ केला. "पंचांचा निकाल असा, की..."

"तुम्ही जेवा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. मग लेव्हलकडे न बघता जळक्या कोपऱ्याचा तुकडा स्वतःकडे ओढत म्हणाल्या, "पुढच्या रविवारी कांदा बारीक चिरा. आणि मीठ घाला जरा. सगळं मीठ काय ह्यांनाच उसनं द्यायचं?"

मुलगा त्या दिवशी सगळ्यांच्या शेवटी गेला. ताटल्या त्यानेच घासल्या. एक फोडली, पण घासल्या.

त्याला आता बरेच रविवार झाले. भांडं मुलगाच काढतो, आणि भांडं काढायला आधी यावं लागतं म्हणून आधी येतो, पण आता त्याला जायची घाई नसते. लेव्हलने ओव्हनच्या एका पायाखाली टाइलचा तुकडा सारला आहे, कारण रस एका बाजूला जमतो असा त्याला संशय आहे. आक्का अजून विम्याबद्दल विचारते. रविवारी सकाळी लेव्हल दाढी करतो, त्याचा तो वस्तरा आपटण्याचा आवाज वर आमच्यापर्यंत येतो.

आणि बुटका स्टूल आता ओव्हनसमोरून कुणी हलवू द्यायचा नाही, असा वहिनींचा हुकूम आहे. त्यामुळे मी माझी खुर्ची घरून घेऊन जातो.